राज्याचें पहिलें सोनें

नवें राज्य जन्मास आलें म्हणजे तें आपलें निशाण उभारतें व आपलें नाणें पाडतें. निशाण ऊनपावसांत विरतें. नाणें मात्र शतकानुशतकें साक्ष देत राहतें. म्हणूनच नवस्वतंत्र राष्ट्रांचीं आरंभींचीं सुवर्णनाणीं जमविण्याचा छंद जगांत मोठ्या मोलाचा मानला जातो. अमेरिकेनें १७७६ मध्यें स्वातंत्र्य पुकारलें. पण तेथील संघराज्याच्या टांकसाळीचीं पहिलीं सोन्याचीं नाणीं १७९५ मध्यें निघालीं. आपल्या प्रजासत्ताकानें १९५० मध्यें अशोकस्तंभावरील सिंहांचीं नाणीं काढलीं. त्यांत सोन्याचें एकही नव्हतें. मग महाराष्ट्रीयांनीं या छंदाचा आरंभ कोठून समजावा? आमचें उत्तर असें कीं, रायगडापासून.

शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. त्या राज्याचें सुवर्णनाणें तो शिवराई होन. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन माशांहूनही थोडें कमी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशीं नागरी अक्षरें. मोंगली नाण्यांवर फारसी लेख असण्याच्या त्या काळांत या इवल्या होनानें नव्या राज्याची द्वाही आपल्या लिपींत फिरविली.

अभिषेकप्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन गडावर होता. कंपनीचें नाणें मराठी राज्यांत चालावें, असें कलम इंग्रजांनीं तहासाठीं मांडलें होतें. महाराजांकडून आलेल्या उत्तराचा आशय असा कीं, कोणत्याही नाण्यास येथें मज्जाव नाहीं. परंतु ज्यांत प्रजेस तूट येईल असें नाणें घेण्याची सक्तीही करतां येणार नाहीं. वजनास व कसास खरें उतरेल त्यास आडकाठी होणार नाहीं. नाणें म्हणजे प्रजेस दिलेलें वचन, हें त्या राज्यानें पहिल्याच दिवसांत जाणलें होतें.

तांब्याच्या शिवराया पुष्कळ घरांतून निघतात. सोन्याचा होन मात्र अतिशय दुर्मिळ. तांबें आटविण्याचा मोह कोणास होत नाहीं. सोनें आपल्या मोलानेंच मरतें.

संस्कृतांतील ‘निष्क’ हा शब्द प्रथम कंठांतील सुवर्णालंकाराचा वाचक होता, पुढें तो नाण्याचा झाला. आमच्या घरांत प्रवास उलट झाला. व्हेनिसच्या सुवर्णनाण्यावरील आकृतीस आमच्या आजीबाईंनीं ‘पुतळी’ म्हटलें आणि तीं नाणीं माळेंत ओवलीं. त्यांस टांके बसले खरे, परंतु कंठांत होतीं तोंवर तीं वांचलीं. खरा घात होतो तो वाटणीच्या वेळीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत तीन मोहरा चार भावांस सारख्या वांटतां येईनात, म्हणून त्या मुशींत आटविल्या. वजन चौघांस काटेकोर मिळालें. त्यांवर काय लिहिलें होतें, हें पाहण्याचें एकासही सुचलें नाहीं.

धातूवरून नाण्याची किंमत ठरविणाऱ्यांस आमच्या कोल्हापुरांतीलच दाखला देतों. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्यें उत्खनन झालें. या परिसरांत सांपडलेलीं सातवाहनकालीन शिशाचीं नाणीं मोडींत काय देतील? पण विळिवायकुरासारख्या राजाचें नांव आपणांस त्या नाण्यांनींच सांगितलें.

तेव्हां ज्यांच्या घरीं जुनें सुवर्णनाणें असेल त्यांनीं तें चिंच लावून उजळूं नये, त्यास नवें भोंक पाडूं नये. वजन, दोन्ही बाजूंचा लेख व तें कोणाकडून आलें, हें घरच्या वहींत टिपून ठेवावें. वाटणींत तें एकाकडे अखंड राहूं द्यावें आणि इतरांस त्याचें मोल रोख द्यावें. विकत घेऊं पाहणाऱ्यांनीं जाणकारास दाखविल्यावांचून पैसे मोजूं नयेत. शिवराई होनाचीं खोटीं नाणीं बाजारांत येतात. जमिनींत धन सांपडल्यास १८७८ च्या निखातनिधी कायद्यान्वयें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. आणि शंभर वर्षांवरील नाणें परदेशीं मुलाकडे धाडण्यास १९७२ चा पुरावस्तु कायदा आड येतो, हेंही ध्यानांत असावें.

येत्या लक्ष्मीपूजनास ताम्हनांत नाणीं मांडाल, तेव्हां हळदकुंकू वाहण्यापूर्वीं घरांतील मुलांकडून त्यांवरील अक्षरें एकदां वाचवून घ्यावींत.