लेकराची भेट आणि लेकराची पोटगी

ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात काय किंवा कल्याणच्या न्यायालयात काय, तारखेला आलेल्या पक्षकारांच्या घोळक्यात थोडा वेळ उभे राहिले, तर दोन वाक्ये कानी पडल्यावाचून राहत नाहीत. 'पैसे टाकले नाहीत, मग मुलगा दिसणार नाही,' हे एक. आणि 'मुलगा भेटत नाही, मग पैसे कशाचे?' हे दुसरे. पहिले बहुधा आईच्या पक्षाकडून येते आणि दुसरे बहुधा बापाच्या. परंतु दोहोंमागचा हिशेब एकच आहे आणि तो सर्वस्वी अन्यायाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या नावाने ही देवघेव चालते ते लेकरू या व्यवहारात ना देणेकरी असते ना घेणेकरी, आणि तरीही दोन्ही पक्षांची वसुली होते ती त्याच्याकडूनच.

विवाहविच्छेद आपल्या समाजाला नवा नाही. कित्येक जातींत काडीमोड रूढीनेच मान्य होती. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये आणि पुढे १९५५ मध्ये सर्व देशाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. पूर्वी आईबापांची फारकत झाली तरी लेकरू बहुधा आजोळच्या किंवा चुलत्यांच्या भरल्या घरात वाढे, आणि त्याच्या ताटात काय पडते याची निराळी नोंद ठेवण्याचे कारण पडत नसे. आज डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून आईबाप दोघेही सकाळची लोकल गाठतात आणि मूल आजीआजोबांच्या किंवा पाळणाघराच्या हवाली असते. असे घर मोडते तेव्हा त्याच उत्पन्नातून दोन घरभाडी, दोन गॅसजोडण्या आणि दोन विजेची बिले निघतात, आणि पहिली काटकसर होते ती मुलाच्या खर्चात. अशा घरात 'बाई नोकरीला जाते, मुलाकडे कोण पाहणार?' हा आक्षेप आईच्या विरोधात कैफियतीत घातला जातो, तेव्हा तो घालणारा स्वतः सव्वाआठच्या गाडीने जाऊन रात्री नऊला परततो, याचा त्याला विसर पडलेला असतो.

ताब्याविषयी कायदा संदिग्ध नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा असो किंवा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम असो, निर्णायक कसोटी अज्ञान मुलाच्या हिताची आहे; पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे, असे १९५६ चा कायदा सांगतो, पण पाचवे वर्ष सरले की मूल आपोआप बापाचे होते, ही चाळींतून आणि सोसायट्यांतून ऐकू येणारी समजूत निराधार आहे. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने तर वकिलांच्या युक्तिवादाआधी समुपदेशकाला स्थान दिले, ते याच हेतूने, की कुटुंबाचा तंटा जमिनीच्या तंट्यासारखा लढला जाऊ नये.

पण तो तसाच लढला जातो. भेटीचा हुकूम साधारणतः महिन्यातल्या ठरावीक शनिवारांचा किंवा रविवारांचा असतो, सुटीचे निम्मे दिवस इकडे आणि निम्मे तिकडे अशी वाटणीही होते. प्रारंभीच्या भेटी पुष्कळदा न्यायालयाच्याच आवारात, खेळणी मांडलेल्या खोलीत होतात. तेथे सात-आठ वर्षांचे पोर बापाने पुढे केलेला खाऊचा पुडा हाती घेण्यापूर्वी दाराशी बसलेल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहून घेते. बाप त्याला 'अभ्यास कसा चाललाय?' एवढेच विचारू शकतो, कारण मुलाचा कोणता धडा चालू आहे, त्याचा मित्र कोण, त्याला हल्ली कशाची भीती वाटते, यांतले काहीच त्याला ठाऊक राहिलेले नसते. तास संपतो, मूल घरी जाते, आणि 'बाबा काय म्हणाले? आजी माझ्याबद्दल काय बोलली?' अशी जी उलटतपासणी सुरू होते, ती कोणत्याही न्यायालयात चालू दिली गेली नसती. दिवाळीच्या पहिल्या पहाटे सारी डोंबिवली फडके रोडवर लोटते, तेव्हा आपण कोणाबरोबर जायचे याचे उत्तर शोधण्याचे ओझे त्या वयावर टाकणे हे क्रौर्य आहे. ते सुशिक्षित, सभ्य, एरवी मुलावर प्राण टाकणाऱ्या माणसांच्या हातून घडते, म्हणून ते कमी ठरत नाही.

आता पैशाची बाजू. येथे मला नागपूरच्या एका प्रकरणाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण पोटगीविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा महत्त्वाचा निकाल त्यातूनच निघाला. मुलाच्या जन्मानंतर लवकरच, जानेवारी २०१३ मध्ये, पत्नीने पतीचे घर सोडले. सप्टेंबरात अंतरिम पोटगीचा अर्ज झाला. तेथील कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आरंभी ५,००० व पुढे १०,००० रुपये ठरवून दिले. आणि तरीही पोटगीचा वाद दिल्लीपर्यंत जाऊन अर्जापासून सात वर्षे रेंगाळला. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा, असे कायद्यात लिहिलेले असताना हे घडले. त्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची, आणि दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावयाचे.

या प्रतिज्ञापत्रामुळे एक जुनी सबब आयती उघडी पडते. घोडबंदर रस्त्यावरच्या सदनिकेचे हप्ते जाऊन हाती काही उरत नाही, असे सांगणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० वाचण्याची विनंती करीन. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. परंतु पोटगीच्या हुकूमनाम्याची बजावणी असेल, तर सुरक्षित राहतो तो केवळ एक तृतीयांश. सावकाराच्या देण्यापेक्षा लेकराचे देणे थोर, हे कायद्याने असे अंकांत मांडून ठेवले आहे. मात्र दरखास्त करणाऱ्यानेही सावध असावे: पूर्वीच्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालील, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील, थकबाकीच्या वसुलीचा वॉरंट हवा असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'उद्या देईल' म्हणून दोन वर्षे वाट पाहणाऱ्या कित्येक आया या मुदतीपायी नाडल्या जातात. आणि याच कलमाखाली धडधाकट मुलाची पोटगी अठराव्या वर्षी थांबते, म्हणजे नेमकी बारावी संपून महाविद्यालयाची फी भरावयाची वेळ येते तेव्हा. ही उणीव विधिमंडळांनी आणि संसदेने दूर करावयास हवी. मिळवत्या आईलाही आपल्या वाट्यातून सुटका नाही: १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा हे दायित्व आईबाप दोघांवर ठेवतो.

भेट अडवली गेली तर तिचा उपाय न्यायालयात अर्ज करणे हा आहे, पैसे रोखणे हा नव्हे. पैसे थकले तर दरखास्त आहे, मुलाला आतल्या खोलीत बसवून 'तो झोपलाय' असे सांगणे नव्हे. मारहाणीची, व्यसनाची खरी भीती असेल तेथे भेट देखरेखीखाली व्हावी किंवा थांबावी, पण तो निर्णय न्यायाधीशाचा. बाप दरमहा वेळेवर पैसे पाठवतो म्हणून त्याने मुलाची भेट विकत घेतलेली नसते, आणि आईने भेट नाकारली म्हणून मुलाची भूक नाहीशी होत नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण येथील वकीलबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती अशी, की परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अटी लिहिताना 'एकरकमी इतके घेऊन मुलाच्या पोटगीचा हक्क सोडला' हे वाक्य घालू नका. तो हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडता येत नाही. भेटीचे कलम निराळे लिहा, पोटगीचे निराळे. पोटगीच्या कलमात तारीख, बँकेचे खाते आणि दरवर्षीची वाढ नमूद करा. आणि एका कलमाचा भंग झाला तरी दुसरे चालूच राहील, अशी एक ओळ दोघांच्या सहीने त्यात आवर्जून घाला.