काउंट : चाकराचा धनी कसा झाला?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, युरोपांतल्या काउंटांचा बडेजाव ऐकून दिपूं नका. काउंट म्हणजे मुळांत राजाचा सोबती. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच तो. शार्लमेन बादशहाच्या (मृत्यु 814) अमलांत तो निव्वळ चाकर होता. जिल्ह्याचा न्याय करावा, फौज जमवावी, दंडाचा तिसरा हिस्सा घ्यावा. चुकला तर नोकरी जाई.

मग वतन आलें कोठून? 877 सालीं ‘टकल्या’ चार्लस राजा इटलीच्या स्वारीस निघाला. सरदार राजी राखणें भाग! किएर्झी येथें त्यानें कबूल केलें कीं, स्वारींत काउंट मेला तर त्याच्या लेकाचा हक्क राखूं. सवलत तात्पुरती; पण बापाची जागा लेकाला, हा पडत चाललेला पायंडा तिनें घट्ट केला. राजानें सोंपविलेली हुकमत घरची मालमत्ता झाली! तिच्याच जोरावर पुढें फ्रान्सांत जमीनदार कुळांना बजावूं लागले : दळण आमच्या गिरणींत, भाकरी आमच्या भट्टींत, आणि त्याचा मोबदला आम्हांला. घरचें जातें काय शोभेला ठेवावयाचें?

4 ऑगस्ट 1789 च्या रात्रीं पॅरिसजवळ व्हर्सायच्या सभेनें ही सरदारी मोडल्याचें जाहीर केलें. तरी कित्येक देणीं ‘पैसे भरून सोडवा’ असेंच कुळांना सांगितलें गेलें. बिनमोबदला सुटका झाली ती 1793 सालीं.