वैमानिकाची चूक आणि शासनाचा विलंब

१७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातील सुरतगड येथून उडालेले मिग-२१ विमान थोड्याच अवधीत कोसळले आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा तरुण मराठी अधिकारी मृत्युमुखी पडला. न्यूयॉर्कचे मनोरे पडून तेव्हा जेमतेम सहा दिवस झाले होते; वृत्तपत्रांची पाने तिकडच्या बातम्यांनी भरलेली होती. पुढे चौकशी झाली आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, म्हणजेच चूक मानवी होती, असा निष्कर्ष निघाला. तो अभिजितच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, मुकाट्याने मान्य केला नाही. लष्करी विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी पुढे अनेक वर्षे लावून धरला. या तरुणाचे स्मरण करावयाचे तर ते त्या प्रश्नाला बगल देऊन करता येणार नाही.

दिशाभ्रम ही काही कल्पित गोष्ट नव्हे. अंधाऱ्या रात्री क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा माणसाला फसविते. विमान कलंडत असताना ते सरळ चालले आहे असे त्याला वाटते. तेव्हा चौकशी करणाऱ्यांनी खोटे लिहिले असे कोणी म्हणू नये. आक्षेप निराळा आहे. ‘मानवी चूक’ या शब्दांतला मानव नेहमी विमानातच बसलेला का असावा? ज्याच्या मेजावर कागद वर्षानुवर्षे पडून राहिला तो मानव नव्हे काय?

हा कागद कोणता, तेही सांगितले पाहिजे. नवशिक्या वैमानिकाला साध्या प्रशिक्षण विमानातून एकदम लढाऊ विमानात बसविणे धोक्याचे असते. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ साली केली. (समितीचे प्रमुख पुढे वायुदलप्रमुख झाले, म्हणजे सल्ला बाहेरच्या कोणा टीकाकाराचा नव्हता.) त्यानंतर सरकारे बदलली, संरक्षणमंत्री बदलले, किमतींची घासाघीस चालू राहिली, आणि ६६ ‘हॉक’ विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये. पहिली विमाने प्रत्यक्ष सेवेत आली २००८ साली. मधल्या काळात ‘किरण’सारख्या विमानांवर शिक्षण घेतलेल्या अनेक तरुणांना, ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या आणि उतरतानाही वेग फारसा न आवरणाऱ्या मिग-२१ वर पुढचे धडे गिरवावे लागले. सुरतगडच्या अपघाताचे कारण हेच होते असा दावा येथे नाही. पण अभिजितची सारी सेवा त्या बावीस वर्षांच्या प्रतीक्षेच्या आतच सुरू झाली आणि संपली.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही संधिव्यय शिकवितो. एखादा खर्च पुढे ढकलला की अंदाजपत्रकात त्या वर्षी बचत दिसते. ती बचत खरी नसते. खर्च दुसऱ्या खात्यावर पडतो, आणि ते खाते कोणी तपासत नाही. प्रशिक्षण विमानाच्या बाबतीत हे खाते कोणाचे होते, हे विद्यार्थ्यांना फोडून सांगावे लागत नाही.

आकडे मात्र जपून वापरावयास हवेत. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ४८२, अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व सेवेतील अन्य ८ जण मरण पावले. आकडा हादरविणारा आहे खरा. परंतु तो अनेक दशकांचा व मिगच्या सर्व जातींचा आहे, आणि उड्डाणाचे एकूण तास किती हा भाजक त्यात नाही. ‘उडती शवपेटी’ हे नाव याच बेहिशेबीपणातून रूढ झाले. १९७१ च्या युद्धात याच विमानाने देशाची उत्तम सेवा केली होती.

२००६ साली आलेल्या ‘रंग दे बसंती’ या चित्रपटात मिग कोसळून मेलेल्या वैमानिकालाच सत्ताधारी दोषी ठरवितात, आणि त्याचे मित्र मंत्र्याला गोळी घालतात. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. प्रत्यक्षातला मार्ग याहून पुष्कळ कंटाळवाणा आहे. प्रवासी विमानाच्या अपघाताचा चौकशी अहवाल आज प्रसिद्ध होतो. लष्करी विमानाचा होत नाही. शस्त्रसामग्रीचा तपशील उघड करू नये हे मान्य. नाव फुटणार नाही अशी खात्री असेल तरच साक्षीदार मोकळेपणाने बोलतात, हेही खरे. तो भाग वगळून उरलेला सारांश संसदेपुढे ठेवण्यास कोणती अडचण आहे?

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. त्याच वर्षी मार्च ते जुलै या काळात तीन जग्वार विमाने कोसळली आणि तीन वैमानिक गेले. जग्वार आपल्याकडे १९७९ साली आले. या तिघांच्या घरी जाणाऱ्या पत्रात निष्कर्षाच्या एका ओळीबरोबर त्याची कारणमीमांसाही असावी, आणि नवी विमाने येण्यास विलंब का झाला याचा उल्लेख तीत टाळला जाऊ नये, एवढीच मागणी आहे.