राखणदाराचा खुराक

कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की मला फोन यायला लागतात. "काका, सर्किट झकास चालतंय, मोबाईलवर आकडेही येतात, पण बॅटरी टिकत नाही." मग मुलं प्रोग्रॅम उलटापालटा करतात, मोठा सेल आणतात. माझा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: रेग्युलेटर कोणता लावलाय?

लिथियमचा सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, रिकामा होत आला की ३ च्या आसपास. चिपला मात्र स्थिर ३.३ हवेत. ते सांभाळणारा राखणदार म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर. पण हा राखणदार फुकट काम करत नाही. सर्किट झोपलेलं असलं तरी त्याचा खुराक चालूच.

आमच्याच घरचं उदाहरण सांगतो. उन्हाळ्यात गंभीर धरण खाली गेलं की उज्जैनला नळ दिवसाआड येतात. आमची आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. टाकी किती भरली ते बघायला ती जिना चढून गच्चीवर जायची, अंधारातसुद्धा. "आत्या, मी जातो," म्हटलं तर ऐकेल तर शपथ. पुतण्या इंदूरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने टाकीत तरंगते स्विच सोडले, ईएसपी ८२६६ हे वायफायचं मॉड्यूल जोडलं आणि आत्याच्या फोनवर पातळी दिसू लागली. गच्चीवर वायरिंग नाही, म्हणून २५०० मिलिअँपिअर-अवरचे दोन सेल ओळीने जोडले. पोरगा कॉलेजला परतला आणि १९व्या दिवशी यंत्र गप्प. आत्या पुन्हा जिन्यावर. "यापेक्षा माझे गुडघे भरवशाचे," हा तिचा शेरा.

आता हिशेब बघा. यंत्र दर १० मिनिटांनी जागं होऊन ५ सेकंद काम करायचं, त्या वेळी सरासरी ८० मिलिअँपिअर घ्यायचं. दिवसातून १४४ वेळा, म्हणजे एकूण १२ मिनिटं. खर्च १६ मिलिअँपिअर-अवर. झोपेतला खर्च अर्धासुद्धा नाही. आणि रेग्युलेटर? १११७ जातीचा, जो बाजारात कुठेही मिळतो आणि तयार बोर्डांवर सर्रास असतो. तो स्वतःसाठी साधारण ५ मिलिअँपिअर घेतो, चोवीस तास. दिवसाचे १२०! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

१११७ वाईट नाही. अडॅप्टरवर चालणाऱ्या सर्किटला खुशाल लावा. पण सेलवर चालवायचं असेल तर डेटाशीटमधली 'क्वायसंट करंट' ही ओळ सगळ्यांत आधी वाचायची, आणि 'टिपिकल'च्या शेजारचा 'मॅक्सिमम'चा रकानाही सोडायचा नाही. एचटी ७३३३ हा तीन पायांचा छोटा रेग्युलेटर सुमारे ४ मायक्रोअँपिअर घेतो. दिवसाला ०.१ मिलिअँपिअर-अवर. मग आमच्या टाकीचा सगळा खर्च दिवसाला १७ च्या आत येतो आणि कागदावर तरी सेल पाच महिने पुरतो.

दुसरी ओळ 'ड्रॉपआऊट'ची. १११७ ला इनपुट हे आउटपुटपेक्षा एक-सव्वा व्होल्ट जास्त लागतं. ३.३ हवे तर ४.४ द्या. एका लिथियम सेलकडे तेवढे नसतातच, म्हणून तर पुतण्याने दोन लावले होते. वरचे चार व्होल्ट नुसते उष्णता होऊन उडत होते. ७३३३ ला फरक फार थोडा पुरतो, त्यामुळे एकाच सेलवर भागलं. तरी सेल साडेतीन व्होल्टच्या खाली गेला की वायफाय कुरकुरतं, म्हणून पाचाऐवजी चारच महिने धरा. एमसीपी १७०० हाही चांगला, त्याचा खुराक दोन मायक्रोअँपिअरच्या आत. पण त्याला ६ व्होल्टच्या वर चालत नाही, दोन सेल ओळीने लावाल तर जळेल.

कमी खाणाऱ्या राखणदाराची ताकदही बेताचीच असते. ७३३३ आणि १७००, दोघेही २५० मिलिअँपिअरचे. वायफाय सिग्नल सोडताना ईएसपी क्षणभर त्याहून जास्त ओढतं, व्होल्टेज खचतं आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुलं इथे प्रोग्रॅमला दोष देत बसतात. मॉड्यूलच्या पायांलगत ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, तो क्षण निभावून जातो. ७३३३ च्या पायांचा क्रम १११७ पेक्षा वेगळा आहे, तेव्हा जुन्याच्या जागी तसाच डकवू नका.

"स्विचिंग रेग्युलेटर जास्त कार्यक्षम ना?" असं हमखास विचारतात. मोटर, दिवे असतील तर जरूर. पण एलएम २५९६ चं लोकप्रिय मॉड्यूलही स्वतःसाठी सुमारे ५ मिलिअँपिअर घेतं, आणि आपलं सर्किट दिवसभर झोपलेलंच असतं. कधी कधी रेग्युलेटरच नको. एटीमेगा ३२८ ही चिप १.८ ते ५.५ व्होल्ट काहीही चालवून घेते (वेग कमी ठेवला की झालं), तिला पेन्सिल सेलची जोडी थेट जोडा. मला स्वतःला हाच मार्ग सगळ्यांत आवडतो.

गच्चीवर डबा ठेवायचा तर उत्तरेच्या सावलीवर विसंबू नका. उज्जैन कर्कवृत्ताला लागून आहे, जूनमध्ये भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. वर आडोसा हवाच, लिथियमला ऊन मानवत नाही.

सगळं जोडून झालं की मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून सेलच्या वाटेत लावा आणि झोपेतला करंट मोजा. चिप जागी होताना मात्र मीटरची दोन टोकं वायरने जोडून ठेवा, नाहीतर मीटरच व्होल्टेज खातो आणि ती उठतच नाही. झोपल्यावर वायर काढा. २०-३० च्या आसपास आकडा दिसला तर ठीक. शेकड्यात दिसला तर आधी बोर्डावरचा तो मिणमिणता लाल दिवा काढा. एक-दोन मिलिअँपिअर तोच गिळतो.