कबाबचिनी : नाव एक, द्रव्ये दोन

परदेशी पाककृती घरी करून पाहण्याची हौस अलीकडे वाढली आहे. पुस्तकांतून व दूरदर्शनवरून कॅरिबियन बेटांचे पदार्थही आपल्या स्वयंपाकघरात येऊ लागले आहेत. ‘यात आमचा काय संबंध?’ असे वैद्यबंधूंस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संबंध आहे, आणि तो थेट आपल्या औषधी दुकानातील बरणीशी आहे.

जमैका बेटावर रविवारच्या जेवणात राजम्याचा भात असतो. नारळाच्या दुधात तांदूळ व राजमा शिजवताना त्यात थाइमची काडी, न चिरलेली अख्खी तिखट मिरची आणि काही तपकिरी गोल दाणे टाकतात. ‘जर्क’ या भाजलेल्या मांसाच्या प्रसिद्ध पदार्थाचा गाभाही हेच दाणे होत. त्यासाठी त्याच झाडाच्या लाकडाचा धूरही देतात. हे दाणे म्हणजे ऑलस्पाइस, शास्त्रीय नाव पिमेंटा डायोइका. हा वृक्ष लवंग व जांभूळ यांच्या कुळातला. स्पॅनिश दर्यावर्दी ते पाहून मिरीच समजले आणि त्यांनी त्यास मिरीचेच नाव दिले. नावाचा घोटाळा असा उगमापासूनच आहे.

आपल्या बाजारात या दाण्यांस सर्रास ‘कबाबचिनी’ म्हणतात. ग्रंथोक्त कंकोळासही कबाबचिनीच म्हणतात. कंकोळ म्हणजे पायपर क्युबेबा. जावा-सुमात्राकडील, पिप्पलीच्या कुळातील वेल. चरकाचार्यांनी मुखवैशद्यासाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत ज्याचा उल्लेख केला आहे आणि मूत्रकृच्छ्रात आपण ज्याची योजना करतो, ते हे द्रव्य. परिणाम असा, की हौशी गृहिणीच्या भातात कंकोळाचा कडवट, कापरासारखा वास उतरतो आणि रुग्णाच्या पुडीत जमैकेचा मसाला जातो. भात बिघडला तर पुन्हा करता येतो. औषधाचा गुण आला नाही तर दोष मात्र वैद्याच्या व शास्त्राच्या माथी येतो.

‘दोन्ही सुगंधी, दोन्ही तिखट, मग बिघडले कुठे?’ असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. तो आम्हांस मान्य नाही. प्रतिनिधिद्रव्याची परंपरा आपल्याकडे आहेच. भावप्रकाशात अभावद्रव्ये सांगितली आहेत. पण वैद्याने जाणून योजलेले ते प्रतिनिधी. दुकानात नकळत बदलले गेलेले ते निव्वळ अज्ञान होय. ऑलस्पाइस उत्तम मसाला आहे, याबद्दल दुमत नाही. त्याचे गुणधर्म मात्र स्वतंत्रपणे अभ्यासावेत; कंकोळाचे गुण उसने घेऊन त्यास चिकटवू नयेत.

ओळख अवघड नाही. कंकोळ काळपट, सुरकुतलेले असून त्यास देठासारखे लांब शेपूट असते व आत एकच बी असते. ऑलस्पाइस तपकिरी, बिनशेपटीचे. माथ्यावर लहानसे कडे, आत बहुधा दोन बिया, आणि चुरडताच युजेनॉलमुळे लवंगेचा वास येतो. अर्थात ही ओळख अख्ख्या फळाचीच. चूर्ण घेतले की शेपूटही गेले आणि खात्रीही गेली.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : वैद्यांनी चिठ्ठीवर ‘कबाबचिनी’ हा शब्द लिहूच नये, ‘कंकोळ’ लिहावे व शक्य तर शास्त्रीय नावही द्यावे. औषधी दुकानदारांनी दोन स्वतंत्र बरण्या ठेवाव्यात, माल अख्खाच घ्यावा आणि ग्राहकास ‘स्वयंपाकाला की औषधाला?’ एवढे विचारावे. या एका प्रश्नाने जमैकेचा भातही साधेल आणि आपल्या रुग्णाचे हितही राखले जाईल.