रजोनिवृत्ती : भीती आणि उपचार

जुलै २००२ मध्ये अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवरील संप्रेरकांची चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, ही बातमी जगभर पसरली आणि अनेक डॉक्टरांनी ही औषधे देणे सोडले. रजोनिवृत्तीच्या काळात घामाने भिजून रात्री जागणाऱ्या स्त्रीला ‘सहन करा’ एवढाच सल्ला उरला. वास्तविक ती वाढ वर्षाला १०,००० स्त्रियांमागे सुमारे ८ रुग्णांची होती. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, तर उपचारांची गरज बहुधा पन्नाशीच्या आसपास भासते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचा चौकटीतील इशारा काढण्याचे जाहीर केले. म्हणून हे औषध सर्वांनाच निर्धोक ठरत नाही. मात्र प्रत्येकीचे वय व पूर्वीचे आजार पाहून निर्णय व्हावा. त्यासाठी आधी तिचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.