सिनेमा संपल्यावरचे प्रश्न

'मॅडम, ही तारामती खरी बाई आहे का हो?' चौथीतल्या मुलाने विचारलं. मी 'राजा हरिश्चंद्र'चा फोटो दाखवत होते. नाही, म्हटलं, ते अण्णा साळुंके. १९१३ साली फाळक्यांना सिनेमात काम करायला बाई मिळेना. 'का मिळेना?' हे मुलींनीच विचारलं आणि तास तिकडेच गेला!

अशा प्रश्नांना आपण फालतू म्हणतो. मला ते पटत नाही. सिनेमाआधी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या वेळाने टिपून छोटी फिल्म केली होती. ते ऐकून आम्ही खिडकीत वाटाणे पेरलेत, रोज एक फोटो (माझ्याच मोबाइलवर, दुसरा कुठला!).

खरी अडचण घरी आहे. मुलं सिनेमा बघतात, पण एकटी, कोपऱ्यात, कानात हेडफोन घालून. मग प्रश्न विचारणार कुणाला? मोबाइल हातात देऊन आपण स्वयंपाकाला लागतो. मीही माझ्या लेकीला देतेच. या रविवारी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' सगळ्यांनी मिळून बघा. आणि संपल्या संपल्या उठू नका, जरा बसा.